व्हॉलीबॉलपटूंच्या दुखापती : शारीरिक घटकांचा आयुर्वेदीय विचार

प्रस्तावना

व्यायामाचे गुण आणि अतिव्यायामाचे दोष संहिताकारांनी विस्ताराने वर्णिले आहेत. तथापि स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्या व्यक्तीची चिकित्सा करताना या वर्णनाचा उपयोग आपण क्वचितच करतो. ग्रामीण व निमशहरी भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे पाय मुरगळलेला खेळाडू येणे ही नित्याची बाब आहे. दोन खांब, एक जाळे व एक चेंडू एवढ्या साहित्यावर व्हॉलीबॉल खेळता येत असल्याने शाळेच्या पटांगणापासून रात्रीच्या प्रकाशझोतातील सामन्यांपर्यंत हा खेळ सर्वत्र पोहोचला आहे. दुखापत झालेल्या खेळाडूला लेप, बंध व आठवड्याची औषधे देऊन आपण मोकळे होतो. दुखापत का झाली आणि ती पुन्हा होईल काय, हे दोन प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरित राहतात.

प्रस्तुत लेखात खेळाडूच्या शरीरातील कोणते घटक दुखापतीची शक्यता वाढवितात, ते चिकित्सालयात कसे ओळखावेत व त्यांचा मेळ आपल्या शास्त्राशी कसा घालावा, याचा विचार करावयाचा आहे. एक खुलासा आरंभीच करतो. या लेखात ‘स्नायू’ हा शब्द सुश्रुतोक्त अर्थाने, म्हणजे सांधे बांधून ठेवणाऱ्या लिगामेंट या अर्थी, ‘कंडरा’ हा टेंडन या अर्थी आणि ‘पेशी’ हा मांसपेशी या अर्थी योजिला आहे.

खेळाचे स्वरूप व दुखापतींची स्थाने

१८९५ मध्ये अमेरिकेतील होल्योक येथे विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ सुरू केला व १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकपासून त्याचा ऑलिंपिकमध्ये समावेश झाला. मैदान १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद असते. जाळ्याची उंची पुरुषांसाठी २.४३ मीटर व स्त्रियांसाठी २.२४ मीटर असते. दोन्ही संघांमध्ये जाळे असल्याने कबड्डी वा फुटबॉलप्रमाणे अंगाला अंग भिडत नाही. असे असूनही दुखापती होतात आणि त्यांतील तीव्र दुखापती प्रामुख्याने जाळ्यापाशीच होतात.

याचे कारण खेळाच्या नियमात व गतीत आहे. पावलाचा काही भाग मध्यरेषेवर वा तिच्या वर असेल तर उरलेले पाऊल प्रतिपक्षाच्या बाजूस गेले तरी चालते. स्मॅश मारणारा खेळाडू धावत येऊन पुढच्या दिशेने उडी घेतो, तर ब्लॉक करणारा सरळ वर उडतो. उतरताना एकाचे पाऊल दुसऱ्याच्या पावलावर पडते, आतल्या बाजूस वळते आणि घोट्याच्या बाहेरील स्नायूंवर सर्व भार येतो.

आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाच्या स्पर्धांतील चार वर्षांच्या नोंदी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत घोट्याच्या दुखापती २५.९ टक्के, गुडघ्याच्या १५.२ टक्के, बोटांच्या १०.७ टक्के व कंबरेच्या ८.९ टक्के आढळल्या. जाळ्यापाशी मध्यभागी खेळणाऱ्यांना सर्वाधिक, तर मागे राहून केवळ चेंडू उचलणाऱ्या लिबेरोला अत्यल्प दुखापती झाल्या होत्या. म्हणजे दुखापतीचे मूळ उडीत, किंबहुना उडीनंतरच्या उतरण्यात आहे.

एक रुग्णवृत्त

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. अकरावीत शिकणारा, १७ वर्षे वयाचा, उंच व सडपातळ असा एक मुलगा उजवा घोटा मुरगळल्याने माझ्याकडे आला. सरावात तो समोरच्या खेळाडूच्या पावलावर उतरला होता. क्ष-किरण तपासणीत भग्न नव्हते. प्रथम तीन दिवस शीतोपचार, बंध व पाय उंच ठेवणे, पुढे लेप व पोटात लाक्षादि गुग्गुळ अशी योजना केली. नवव्या दिवशी शोथ उतरला. बाराव्या दिवशी तो वडिलांसह आला आणि म्हणाला, “डॉक्टरसाहेब, परवा विभागीय स्पर्धा आहे. खेळू का?” मी घोटा दाबून पाहिला. वेदना नव्हती. चालताना लंगडणे नव्हते. मी अनुमती दिली.

दुसऱ्याच सामन्यात त्याचा तोच घोटा पुन्हा वळला. या वेळी पायाखाली कोणाचे पाऊल नव्हते. साध्या उडीतून खाली येताना पाय गेला व बाहेरील घोट्याचे हाड मोडले. अस्थिशल्यतज्ज्ञांकडे पाठवावे लागले. सहा आठवडे प्लास्टर राहिले. राज्य स्पर्धेची निवड हुकली आणि बारावीला मिळू शकणारे सवलतीचे क्रीडागुणही गेले. वडील संतापले नाहीत. एवढेच म्हणाले, “तुम्हीच खेळ म्हणालात ना?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी वेदना तपासली होती, स्थैर्य तपासले नव्हते. बोटाने घोटा दाबून पाहिला, पण त्या मुलाला त्या एका पायावर क्षणभर उभे करून पाहिले नाही.

विशेष म्हणजे सुश्रुताचार्यांनी भग्नचिकित्सेत सांधा स्थिर होण्याचा काळ वयानुसार सांगितला आहे. प्रथम वयात एक मास, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व उत्तर वयात तिप्पट. हा संदर्भ आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केलेला असतो. माझ्या रुग्णाला बारा दिवस झाले होते.

घटक पहिला : पूर्वीची दुखापत

सर्व शारीरिक घटकांत हा घटक सर्वांत बलवान आहे. नॉर्वेतील २७२ खेळाडूंवर झालेल्या व १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक तीव्र दुखापती घोट्याच्या होत्या. पूर्वी मुरगळलेला घोटा पुन्हा दुखावण्याची शक्यता न मुरगळलेल्या घोट्याच्या ३.८ पट होती. ज्या ५० घोट्यांना लगतच्या सहा महिन्यांत दुखापत झाली होती, त्यांपैकी २१ घोटे पुन्हा दुखावले.

स्नायू तुटतो तेव्हा केवळ दोरी तुटत नाही. सांधा कोणत्या स्थितीत आहे याची वार्ता देणारे ज्ञानतंतूही त्या स्नायूत असतात. त्यांना इजा झाल्याने पाऊल वळू लागले तरी पायाच्या बाहेरील पेशींना आकुंचनाची आज्ञा उशिरा पोहोचते. आपल्या परिभाषेत चेष्टांचे नियमन हे वायूचे कर्म आहे. रक्त व शोथ यांची लक्षणे शमली तरी त्या स्थानातील वायूची गती पूर्ववत झाली नाही, असे या अवस्थेचे वर्णन करता येईल. हा अर्थ मी लावलेला आहे, संहितेत तो असाच सांगितलेला नाही. तथापि गुल्फ हे रुजाकर मर्म असून त्याच्या आघाताने वेदना, पाय ताठरणे किंवा लंगडेपणा येतो, हे सुश्रुताचे निरीक्षण येथे तंतोतंत लागू पडते.

घटक दुसरा : घोट्याची अपुरी लवचिकता

उंचावरून उतरताना प्रथम पावलाचा चवडा, मग टाच टेकते आणि नडगी पुढे झुकते. या झुकण्यात आघाताचा मोठा वाटा जिरतो. घोटा पुरेसा वाकत नसेल तर तो वाटा वर सरकतो आणि गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेवर पडतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात, पायावर भार देऊन घोटा वाकविला असता ज्यांचा कोन ४५ अंशांपेक्षा कमी भरला, त्या व्हॉलीबॉलपटूंमध्ये या कंडरेचा विकार अधिक आढळला.

टाचा न उचलता उकिडवे बसण्यासाठी घोटा चांगला वाकावा लागतो. खुर्चीवर जेवणारी, बाकावर शिकणारी व कमोड वापरणारी मुले हे आसन दिवसेंदिवस विसरत आहेत. चिकित्सालयात खेळाडूला उकिडवे बसावयास सांगावे. टाचा उचलल्या जात असतील किंवा एकीकडे तोल जात असेल, तर पुढील तपासणी अवश्य करावी.

घटक तिसरा : उडीचे बल व उड्यांची संख्या

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. दुर्बल खेळाडूला दुखापत अधिक व्हावी असे आपणास वाटते. वाटीखालील कंडरेच्या विकाराबाबत उलट दिसते. नॉर्वेतील एका क्रीडाशाळेत तरुण व्हॉलीबॉलपटूंचे काही वर्षे निरीक्षण केले गेले. ज्यांना पुढे हा विकार झाला, त्यांची उडी मुळातच इतरांपेक्षा उंच होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार आठवड्यातील सरावाचा प्रत्येक जादा तास व विशेषतः सामन्यातील प्रत्येक जादा सेट यांबरोबर विकाराची शक्यता वाढत गेली. मुलांमध्ये तो मुलींपेक्षा अधिक आढळला. सरावात मुले ताशी मुलींच्या दुपटीहून अधिक उड्या मारतात, हेही त्याच शाळेत नंतर मोजले गेले. २००५ मधील एका पाहणीत उच्च दर्जाच्या पुरुष व्हॉलीबॉलपटूंपैकी सुमारे ४५ टक्के खेळाडूंना हा विकार असल्याचे दिसले होते.

चांगल्या खेळाडूची पेशी लवकर बलवान होते. कंडरा मात्र सावकाश दृढ होते. पेशीच्या बलाला कंडरेची साथ मिळाली नाही की ते बलच कंडरेला अपाय करते. वाग्भटाने अतिसाहस करणाऱ्याला हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. सिंह दुबळा नसतो, त्याच्या नाशाला त्याचेच बल कारण होते. गावोगावी दिसणारे चित्र हेच आहे. संघात एकच चांगला स्मॅशर असतो. प्रत्येक चेंडू त्यालाच दिला जातो. शाळेचा संघ, गावाचा संघ व मित्रांचा संघ अशा तिन्ही ठिकाणी तोच खेळतो.

अर्धशक्ती व्यायामाचा उपदेश स्पर्धेतील खेळाडूला शब्दशः लागू करता येणार नाही. सामन्यात कोणी अर्ध्या बलाने खेळत नाही. परंतु रोजच्या सरावात उड्यांची संख्या मोजणे, ती आठवड्यागणिक हळूहळू वाढविणे व सामन्याच्या दुसऱ्या दिवशी उड्या वर्ज्य करणे हा त्या उपदेशाचा व्यवहार्य अर्थ होऊ शकतो.

घटक चौथा : खांद्यातील असंतुलन

स्मॅश व सर्व्हिस यांत हात डोक्यावरून वेगाने फिरतो. वर्षानुवर्षे एकाच बाजूस हे घडल्याने त्या खांद्याचे आत वळणे कमी होते, खांद्याचे पाते खाली व बाहेर सरकलेले दिसते आणि हाताची गती आवरणाऱ्या मागील पेशी गती देणाऱ्या पुढील पेशींच्या तुलनेने दुर्बल राहतात. अंस हे वैकल्यकर स्नायुमर्म असून त्याच्या विकृतीने बाहू स्तब्ध होतो, असे सुश्रुत सांगतात.

या खेळातील एक विशेष विकार वैद्यांनी जाणून घ्यावा. पात्याच्या कंगोऱ्याखालील पेशीस जाणारा ज्ञानतंतू ताणला जाऊन ती पेशी सुकते. १९८५ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेतील ९६ खेळाडूंची तपासणी इटलीतील शल्यतज्ज्ञांनी केली, तेव्हा १२ जणांत हा विकार आढळला आणि त्यांना कोणताही त्रास जाणवत नव्हता. येथे क्षय आहे, पण वेदना नाही. म्हणून खेळाडूचा सदरा उतरवून पाठीमागून दोन्ही पाती पाहिल्याखेरीज खांद्याची तपासणी पूर्ण झाली असे समजू नये.

अन्य घटक

वाढीच्या वयातील मुलांमध्ये वाटीखालील कंडरा जेथे नडगीला चिकटते तेथे उंचवटा येऊन दुखते. वाढ पूर्ण होईपर्यंत तेथील अस्थी तरुण, म्हणजे कूर्चामय असते, हे ध्यानात ठेवावे. मुलींमध्ये उतरताना गुडघे आत वळण्याची प्रवृत्ती अधिक दिसते आणि गुडघ्यातील पुढचा स्नायू तुटण्याचे प्रमाणही मुलांपेक्षा अधिक असते. ब्लॉक करणाऱ्यांच्या बोटांचे सांधे सुटतात. ते मैदानावर ओढून बसविण्याची घाई करू नये. काँक्रीटसारख्या कठीण पृष्ठभागावर कंडरेवरील भार वाढतो. वाळूत तो कमी होतो. अपुरी निद्रा व अपुरा आहार यांनी बलहानी होते, हे आपणास वेगळे सांगावयास नको.

चिकित्सालयातील परीक्षण

चरकोक्त दशविध परीक्षेतील संहनन, प्रमाण, वय व व्यायामशक्ती ही परीक्ष्य स्थाने येथे उपयोगी पडतात. पुढील सहा गोष्टींना दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

१. अनवाणी एका पायावर उभे राहणे : प्रथम डोळे उघडे व नंतर मिटून, प्रत्येकी १० सेकंद. दोन्ही पायांची तुलना करावी.

२. भिंत व गुडघा : पावलाचा अंगठा भिंतीपासून सुमारे १० सेंटिमीटर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीस लावावयास सांगावे. न लागल्यास किंवा दोन्ही पायांत ठळक फरक असल्यास नोंद करावी.

३. एका पायावर टाच उचलणे : किती वेळा जमते ते दोन्हीकडे मोजावे.

४. एका पायावर अर्धवट बसणे : वाटीच्या खालच्या टोकाशी नेमकी वेदना होते काय ते पाहावे.

५. साधारण एक फूट उंचीच्या चौरंगावरून उतरणे : समोरून पाहावे. गुडघे आत वळतात काय, उतरताना मोठा आवाज होतो काय, हे नोंदवावे.

६. पाठ व खांदे : पात्यांची पातळी, पेशींचा क्षय आणि पाठीमागे हात नेऊन अंगठा कोठवर पोहोचतो ते पाहावे.

तीव्र दुखापतीत रुग्णाला चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागील कडेवर अथवा पावलाच्या मध्यभागातील हाडांवर दाबून वेदना होत असेल, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. आपल्या लेपावर विश्वास असणे हे ती टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

प्रतिबंध व चिकित्सा

नॉर्वेतील संशोधकांनी १९९० च्या दशकात उडी घेण्याचे व उतरण्याचे तंत्र, डुगडुगणाऱ्या फळीवर तोल साधण्याचा सराव व दुखापतीविषयी प्रबोधन अशी योजना राबविली आणि घोट्याच्या दुखापती निम्म्यावर आल्या. फळी नसेल तर घडी घातलेल्या सतरंजीवर एका पायाने उभे राहून चेंडू झेलण्याचा सराव रोज दहा मिनिटे करता येतो. पूर्वी दुखापत झालेल्याने सहा महिने ते वर्षभर खेळताना घोट्यास आधारपट्टा बांधावा.

पहिल्या दोन-तीन दिवसांत अभ्यंग, स्वेद व चोळणे वर्ज्य करावे. जाणत्या व्यक्तीकडून पाय ‘उतरवून घेण्याची’ प्रथा अद्याप आहे, तीही निक्षून थांबवावी. शोथ उतरल्यावर अभ्यंग, मृदू स्वेद, बंध व क्रमाने व्यायाम असा क्रम ठेवावा. वाटीखालील कंडरेच्या जुनाट विकारात केवळ विश्रांतीने कंडरा आणखी दुर्बल होते. उड्या कमी करून, भार घेऊन सावकाश बसण्या-उठण्याचा व्यायाम अनेक आठवडे द्यावा लागतो. स्नायू, संधी व अस्थिगत वातजन्य वेदनेत सुश्रुताने अग्निकर्म सांगितले आहे आणि त्याने वेदना लवकर कमी झाल्याचा अनुभव अनेकांना आहे. परंतु येथेच सावध राहावे. वेदना शमविणारा प्रत्येक उपाय खेळाडूला मैदानाकडे ढकलतो. अग्निकर्माच्या दुसऱ्या दिवशी तो उड्या मारणार असेल, तर आपण त्याची सूचनाघंटा तेवढी काढून घेतली, असे होईल.

औषधयोजनेविषयीही एक सूचना. स्पर्धेत उत्तेजक द्रव्यांची तपासणी होते. कुचल्यातील स्ट्रिक्नीन, सोम वनस्पतीतील एफेड्रीन व भांगेतील द्रव्ये स्पर्धाकाळात निषिद्ध सूचीत मोडतात. विषतिंदुक वटी किंवा भांगयुक्त जातीफलादि चूर्ण देण्यापूर्वी रुग्ण स्पर्धेत उतरणार आहे काय, हे विचारलेच पाहिजे.

खेळण्यास अनुमती देताना पुढील पायऱ्या पाळाव्यात : वेगाने चालणे, धावणे, दोन पायांवर उडी, एका पायावर उडी आणि शेवटी जाळ्यापाशी समोर दुसरा खेळाडू असताना उडी. एका पायरीवर वेदना, शोथ वा अस्थैर्य आढळल्यास पुढची पायरी चढू नये.

उपसंहार

दोन वर्षांपूर्वी १६ वर्षांची एक मुलगी अशीच घोटा मुरगळून आली. तेराव्या दिवशी वेदना नव्हती, शोथ नव्हता. डोळे मिटून दुखावलेल्या पायावर उभी केली, तर चौथ्या सेकंदाला तिने भिंत धरली. मी अनुमती नाकारली. ती रडली आणि तिच्या प्रशिक्षकांनी नाराजी दाखविली. स्पर्धा हुकली. सात आठवड्यांनी ती मैदानावर परतली व आजही खेळते आहे. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. तिला अनुमती दिली असती तर काहीच झाले नसते, हेही शक्य आहे. पण या वेळी माझा निर्णय तपासणीवर आधारलेला होता.

खेळाडूचे बल सर्वांना दिसते. त्या बलाला पेलणारे सांधे, स्नायू व कंडरा किती स्थिर आहेत, हे पाहणे वैद्याचे काम आहे. वेदना गेली म्हणजे सांधा स्थिर झाला असे नव्हे, एवढे एक वाक्य जरी आपण सर्वांनी ध्यानात ठेवले तरी अनेक तरुणांचे खेळ वाचतील. माझ्या तपासणीच्या खोलीत भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर फरशीवर रंगाची एक रेघ ओढलेली आहे. वैद्यबंधू-भगिनींनी आपापल्या चिकित्सालयात अशी एक रेघ ओढून घ्यावी, ही विनंती.